रडायचं पुढं आहे

मी चंडीगडहून बोलतोय. आवाज पोहोचतोय ना? माफ करा, ही वायरलेसची सवय आहे. आधी ऐकू येतंय का ते विचारायचं, मग निरोप द्यायचा.

या व्याख्यानमालेसाठी फोन आला तेव्हा संयोजकांना वाटलं होतं की मी कारगिलवर बोलेन, नाहीतर शिस्तीवर. निवृत्त कर्नल म्हटलं की लोक हेच दोन विषय पुढं करतात. मी म्हटलं, मला एका कार्टूनवर बोलायचंय. पलीकडं जरा वेळ कुणी काही बोलेना. मग ते म्हणाले, "म्हणजे सर, कार्टूनचा मुलांवर होणारा दुष्परिणाम, असंच ना?" मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर त्याच्यावरच बोललो असतो."

तर काय आहे, मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. सिंधुदुर्ग जिल्हा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत बत्तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर गावी जायचं ठरलं होतं, पण मुलीनं मोहालीचा पंजाबी मुलगा पसंत केला आणि आमची छावणी चंडीगडला पडली. हे शहर आमच्यासारख्यांनी भरलेलं आहे. सकाळी सुखना तलावावर फिरायला गेलो तर समोरून येणारा दर तिसरा माणूस कुठल्या ना कुठल्या पलटणीचा निघतो. नातवंडं दोन. नातू अकरा वर्षांचा, नात सहा वर्षांची. आईवडील नोकरीला, म्हणून शाळेनंतर दोघं आमच्याकडं. आमच्याशी मराठी, दादा-दादीशी पंजाबी आणि आपसात भांडताना इंग्रजी.

नातीचा जीव 'छोटा भीम'वर. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीची ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूरचा भीम लाडू खातो आणि राक्षसांना लोळवतो. २०२० मध्ये इंटरनेटवर अफवा उठली की भीमानं चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं. चुटकीला न्याय द्या म्हणून मोठमोठी माणसं हिरिरीनं लिहू लागली. शेवटी कंपनीला जाहीर करावं लागलं की ही सगळी अजून लहान मुलं आहेत, त्यांचं लग्नबिग्न काही झालेलं नाही. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी खूप हसलो. बारा वर्षांपूर्वी लाडू खाणाऱ्या भीमाला बघत मोठी झालेली पोरं आता चुटकीच्या बाजूनं भांडत होती. पाहणारा नुसता पाहून उठत नाही, काहीतरी बरोबर घेऊन जातो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. ते कळलं नातवाच्या कार्टूनमुळं.

त्याचं नाव 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'. अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळात दाखवलेली मालिका. एकूण ६१ भाग. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनी ती रचली. जग चार जमातींचं आहे: पाणी, माती, अग्नी आणि वारा. अग्निराष्ट्रानं युद्ध पुकारलंय आणि ते शंभर वर्षं चाललंय. चारही तत्त्वं ज्याला वश होतात तो अवतार. तो निघतो बारा वर्षांचा टकलू पोरगा, आंग. शंभर वर्षं बर्फात गोठून होता. त्याला उडणारं एक जनावर आहे, सहा पायांचं. त्याचं नाव आप्पा. हे ऐकून आमची सौ. इतकी हसली की तिला ठसका लागला. आमच्या भावकीतच तीन आप्पा आहेत.

आपल्याकडचं पुष्कळ काही त्यात आहे. एक गुरू आहे, त्याचं नाव पथिक. तो आंगला सात चक्रं समजावतो. अग्निराष्ट्रात द्वंद्वयुद्धाला 'अग्नी काई' म्हणतात. आंगच्या वृद्ध गुरूचं नाव ग्यात्सो. हे नाव तिबेटी, दलाई लामांच्या नावातही आहे. लहानपणी हजारो खेळण्यांतून आंगनं नेमकी चार उचलली, त्यावरून भिक्षूंनी त्याला अवतार म्हणून ओळखलं, असं दाखवलंय. तिबेटी परंपरेत लामाचा पुनर्जन्म असाच ओळखतात. धरमशाला आमच्यापासून काही तासांवर, त्यामुळं हे मला लगेच कळलं. मारामारीसुद्धा मनाला येईल तशी नाही. पाण्याची ताई-ची वरून, वाऱ्याची बागुआझांगवरून, अग्नीची उत्तर शाओलिनवरून, मातीची हुंग गार वरून. या चिनी युद्धकला शिकवणारा एक उस्ताद त्यांनी सल्लागार म्हणून ठेवला होता.

हे सगळं मी आज कौतुकानं सांगतोय. सुरुवातीला माझा विरोध होता.

मी पेपर वाचत बसायचो, मागून टॅबवर धडाधड मारामारीचे आवाज यायचे आणि नातू खदखदून हसायचा. सैनिक धडपडतायत, शिरस्त्राणं वाकडी झालीयत, कुणी तोंडावर आपटलाय. मला ते सहन होईना. एके दिवशी उठलो आणि टॅब बंद केला. म्हटलं, "युद्ध हा हसण्याचा विषय नाही. माणसं मरतात त्यात." पोरगं रडलं नाही की चिडलं नाही. म्हणालं, "आबा, तुम्ही मध्येच बंद केलंत. रडायचं पुढं आहे."

मी म्हटलं, दाखव.

तो भाग मालिकेतला तिसराच होता. आंग आपल्या जुन्या मठात परत येतो. शंभर वर्षांत काय झालं ते त्याला ठाऊक नाही. बरोबर कटारा आणि सोक्का ही बहीणभावंडं. सोक्काला प्रचंड भूक लागलीय. एवढ्यात मठात एक उडणारं माकडासारखं जनावर दिसतं. आंगला ते पाळायचंय, सोक्काला ते खायचंय. दोघं त्याच्यामागं धावत सुटतात. पडतात, एकमेकांना ढकलतात. माझी नात टाळ्या पिटत होती. धावता धावता आंग एका मोडक्या आडोशात शिरतो. आत ग्यात्सोचा सांगाडा बसलेला. भोवती अग्निसैनिकांचे सांगाडे. गुरू लढता लढता मेला आणि त्याची सगळी जमात संपली, हे त्या पोराला तिथं कळतं.

नातीच्या टाळ्या हवेतच थांबल्या. मी मोजलं नाही, पण बराच वेळ खोलीत कुणी बोललं नाही.

त्या रात्री मी विचार केला. तो मठ दाखवायला रचणाऱ्यांनी सुरुवातीपासून करुण वाद्य वाजवलं असतं, तर माझी नात उठून गेली असती. ते तिला हसवत हसवत त्या दारापर्यंत घेऊन गेले. हसताना माणूस बेसावध असतो, चिलखत काढून ठेवलेलं असतं. दुःख तिथून आत जातं.

तर काय आहे, फौजेत टिपणं काढायची सवय. मी एक वही केली आणि घरातलं कोण कुठं हसतं आणि कुठं गप्प होतं ते लिहायला लागलो. नात हसते कुणी पडलं की. नातू हसतो विनोदाच्या आधीच, कारण त्याला पुढचं पाठ असतं. जावई हसतो सोक्काच्या फुशारकीला आणि आमची मुलगी तेव्हा जावयाकडं बघून हसते. सर्वांत मजेशीर नोंद सौ.ची. मालिकेत एक कोबी विकणारा आहे. तो बिचारा गाडा भरून उभा असतो आणि दर वेळी यांच्या मारामारीत त्याचा गाडा उलटतो. सगळं जग त्याला हसतं. लोक इतके हसले की पुढच्या मालिकेत, २०१२ च्या 'द लेजेंड ऑफ कोरा'त, त्याच्या नावानं कोबी कंपनी निघाली आणि त्याचा पुतळाही उभारलेला दाखवला. आमची सौ. मात्र एकदाही हसली नाही. तिच्या मामांचा कोल्हापुरात भाजीचा गाळा होता. ती म्हणाली, "त्याचे पैसे कोण भरून देणार?"

प्रश्न बरोबर आहे. आपल्या फौजेच्या सरावात शेतकऱ्याचं पीक तुडवलं गेलं तर भरपाई द्यावी लागते. त्याला १९३८ चा कायदा आहे. तरुणपणी मी स्वतः रणगाड्यांनी मोडलेला गहू मोजत बांधावरून हिंडलोय. ज्याला सगळे हसले, त्याच्याकडं हिशेबाच्या नजरेनं बघणारी एकटी आमची सौ. होती. एकाच चित्राकडं पाच माणसं पाच ठिकाणांहून बघतात.

हे बघता बघता मला आमच्या गावची जत्रा आठवली. तुमच्यापैकी कोकणातले आणि गोव्यातले श्रोते एव्हाना मनात म्हणाले असतील, हा दशावताराचं नाव कसं काढत नाही! कार्तिकानंतर देवळादेवळांतून जत्रा सुरू होतात. दशावतारी मंडळी डोक्यावर पेटारा घेऊन गावोगाव फिरायची. लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथं सुचतात. हार्मोनियम, पखवाज, झांज. बायकांचं काम पुरुषच करतात. सुरुवातीला शंकासुर येतो, वेद पळवणारा राक्षस, पण असा काही बोलतो की पोट धरून हसावं. मग रात्र चढते, आख्यान रंगतं, तलवारी निघतात आणि पखवाजाच्या ठेक्यावर युद्ध होतं. आम्ही पोरं गोधडीत झोपलेलो असायचो. आई हलवून उठवायची, "ऊठ, लढाई लागली." राक्षस, चमत्कार, मारामारी आणि हशा, सगळं एकाच रात्री एकाच रंगमंचावर. त्याला कधी कुणी म्हटलं नाही की युद्धात विनोद कशाला घातला. मग अमेरिकेतल्या दोघांनी तेच चित्रांत केलं तेव्हाच मी का भडकलो?

त्याचं उत्तर मला 'द स्टॉर्म' या भागात सापडलं, आणि ते आवडलं नाही. अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको. तोंडावर भाजल्याचा मोठा वण, सदा रागावलेला. हा वण कसा आला ते त्या भागात कळतं. युद्धाची मसलत चाललीय. एक सेनापती सुचवतो की नव्या भरतीची तुकडी शत्रूपुढं आमिष म्हणून टाकू. लहान झुको उभा राहतो आणि म्हणतो, ज्यांना देशावर प्रेम आहे त्या पोरांचा असा विश्वासघात कसा करता? मोठ्यांच्या मसलतीत तोंड घातलं म्हणून त्याला अग्नी काईची शिक्षा होते आणि समोर लढायला बाप उभा राहतो. बाप त्याचं तोंड भाजतो.

मुलांच्या मालिकेत हा प्रश्न! कुणाला पुढं पाठवायचं आणि कुणी पाठवायचं. मी उठून बाल्कनीत गेलो. नातवानं वहीत माझ्या नावासमोर लिहिलं, "आबा: बाहेर गेले."

दुसरा एक भाग सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मालिका संपत आली असताना ही पोरं वेष बदलून एक नाटक बघायला जातात. नाटक यांच्यावरच आहे, पण शत्रूच्या देशातलं. आंगचं काम एक बाई करतेय म्हणून आंग चिडलाय. टॉफ ही आंधळी छोटी मुलगी, तिचं काम एका धिप्पाड पहिलवानानं केलंय आणि ती खूश आहे. सोक्का तर आपलं काम करणाऱ्या नटाला विनोद पुरवायला आत जातो. इथपर्यंत हसून हसून पुरेवाट. मग शेवटचा प्रवेश. नाटकात झुको मरतो, आंग मरतो, अग्निराष्ट्र जिंकतं. सारं नाट्यगृह उठून टाळ्या वाजवतं. आणि त्या गर्दीत ही पोरं आपल्याच मरणाला पडणाऱ्या टाळ्या ऐकत बसलेली असतात.

आता मे २०२५. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्याच संध्याकाळी चंडीगडला सरावाचा ब्लॅकआउट झाला. दुसऱ्या रात्री, ८ मेला, सराव नव्हता. भोंगे वाजले आणि शहर काळोखात गेलं. ९ मेच्या सकाळी पुन्हा भोंगा. घरात राहा, बाल्कनीत येऊ नका. हवाई दलाचा तळ इथंच आहे, तेव्हा हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं. विमानतळ बंद, शाळा बंद.

त्या दिवसांत काही वाहिन्यांवर युद्ध कसं दाखवत होते ते तुम्हीही पाहिलंत. चित्रांतली विमानं स्टुडिओत घिरट्या घालतायत, निवेदक ओरडतायत, मागं भोंगा वाजतोय. भोंग्याचा आवाज कार्यक्रमात असा वापरू नका, लोकांना खरा भोंगा ओळखू येणार नाही, असं शेवटी सरकारला १० मे रोजी सांगावं लागलं. आमच्या घरी तर हे घडलंच. टीव्हीतला भोंगा ऐकून नात दोनदा पलंगाखाली गेली. मी टीव्ही बंद केला. तेव्हा मला त्या नाट्यगृहातल्या टाळ्या आठवल्या. टीव्हीवरही कार्टूनच चाललं होतं. त्यात हसू नव्हतं आणि गप्प होण्याची जागाही नव्हती.

८ मेच्या रात्री मुलगी, जावई, नातवंडं सगळी आमच्याकडंच होती. खिडक्यांना ब्लँकेटं लावली. नात थरथरत होती. मी तिला माझ्या पद्धतीनं समजावलं, अंतर, पल्ला, आपली हवाई संरक्षण यंत्रणा. ती आणखीच घाबरली. तेव्हा नातू म्हणाला, "आबा, थांबा." त्यानं टॅबचा उजेड अगदी कमी केला, डोक्यावरून चादर घेतली, बहिणीला आत घेतलं आणि मलाही. डाउनलोड करून ठेवलेला एक भाग लावला. बहिणीला म्हणाला, "यात चहा आहे. भीती नाही."

त्या भागात निरनिराळ्या छोट्या गोष्टी आहेत. त्यातली एक आयरोहची, झुकोच्या काकांची. आयरोह माझ्यासारखाच, निवृत्त सेनापती. पोट सुटलेलं, चहाचा शौकीन, सदा विनोद. एके काळी त्यानं बा सिंग से या महानगराला ६०० दिवस वेढा दिला होता. बाहेरचा तटही फोडला होता. मग वेढा उठवून परत गेला, आणि त्याच्या देशात त्याला भित्रा म्हटलं गेलं. त्याच शहरात तो आता निर्वासित म्हणून राहतोय. त्या दिवशी तो बाजारात निघालाय. एका रडणाऱ्या बाळाला गाणं म्हणून हसवतो. चेंडूनं खिडकी फोडलेल्या पोरांना सांगतो, चूक कबूल करावी, आणि आतून राक्षसासारखा मालक ओरडल्यावर म्हणतो, या वेळी मात्र पळा. एक चोर त्याच्यावर सुरा उगारतो, तर हा म्हणतो, तुझे पाय चुकीचे पडलेत. त्याचा पवित्रा नीट करून देतो आणि मग त्याला चहा पाजतो. चादरीच्या आत आम्ही तिघं हसत होतो. बाहेर पूर्ण काळोख होता आणि माझी नात खुदुखुदु हसत होती.

मग आयरोह टेकडीवर जातो. झाडाखाली एक तसबीर मांडतो. ती त्याच्या मुलाची, लू टेनची. तो त्या वेढ्यात मेला होता. आयरोहनं आणलेल्या फौजेत, आयरोहच्या हुकमाखाली. त्याचा आज वाढदिवस. आयरोह तेच बाजारातलं गाणं म्हणायला लागतो आणि त्याला ते पुरं करता येत नाही.

सगळी गोष्ट चार-पाच मिनिटांची. शेवटी एक नाव येतं, माको. आयरोहला आवाज देणारा हा जपानी वंशाचा नट २००६ च्या जुलैत वारला, हा भाग त्याच्या स्मरणार्थ आहे. लोक हा भाग बघताना आपलं स्वतःचं चित्रण करून इंटरनेटवर टाकतात. नातवानं नंतर मला ते दाखवले. दाढीवाले, गोंदवून घेतलेले, मोठमोठे बाप्ये, आधी हसतायत आणि टेकडीवर पोहोचले की टोपी तोंडावर ओढून घेतायत.

चादरीत नातवानं विचारलं, "आबा, तुमचं होतं का असं कुणी?"

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उत्तर काश्मीरात एका उंच चौकीवर माझी कंपनी होती. त्यात एक पोरगा, मालवणच्या बाजूचा, माझ्या गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचा. त्याचं नाव इथं घेत नाही, घरच्यांना आवडेल न आवडेल. फौजेत येण्याआधी दशावतारात शंकासुराचं काम करायचा. बडा खाना असला की नकला करायचा. सुभेदार साहेबांची, लंगरच्या कुकची, आणि माझी. मी बोलण्याआधी घसा खाकरतो आणि "तर काय आहे" म्हणतो. तुमच्याही लक्षात आलं असेल. ते तो इतकं हुबेहूब करायचा की हसून जवानांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. उणे तापमानात, आठ-आठ दिवस टपाल न येणाऱ्या जागी, ती हसणारी माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा गस्तीला उभी राहायची. शिस्तीनं जेवढी चौकी राखली, तेवढीच त्या पोरानं राखली, हे मी आज कबूल करतो.

एका गस्तीवर मी त्याला पाठवलं. वरून बर्फाचा लोट आला. दोघं सापडले, एक जिवंत, एक हा. चौकशी झाली. चूक कुणाचीच नव्हती. हवामान पाहून निर्णय घेतला होता, तसं कागदावर आहे. पण यादीत नाव मी लिहिलं होतं.

त्याला खाली नेल्यानंतरच्या रात्री मी बंकरजवळून जात होतो. आतून माझाच आवाज आला, "तर काय आहे." कुणीतरी त्याची नक्कल करत होतं, म्हणजे तो माझी नक्कल कसा करायचा त्याची. आत हशा पिकला. आणि मग तो हशा थांबला आणि सगळे रडायला लागले. मी दाराशी उभा होतो. आत जायला हवं होतं. अधिकाऱ्यानं जवानांपुढं रडू नये म्हणून परत फिरलो.

त्याच्या आईला पत्र लिहिलं. शूर, कर्तव्यदक्ष, पलटणीची शान. प्रत्येक शब्द खरा होता आणि कुणाच्याही आईला चालला असता. तो आम्हाला हसवायचा, याबद्दल एक ओळ नव्हती. सुट्टीवर दर वर्षी गावी जायचो. त्या रस्त्याला कधी वळलो नाही.

हे सगळं मी चादरीत सांगितलं. नात झोपली होती. नातू म्हणाला, "तुम्ही पण मध्येच बंद केलंत, आबा."

त्या नोव्हेंबरात मी गावी गेलो आणि त्या रस्त्याला वळलो. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. भाऊ घरी होता, आता साठीला आलेला. म्हणाला, "आवशीन तुमची खूप वाट बघल्यान." माझं पत्र तिनं जपून ठेवलं होतं. तो ते घेऊन आला. घडीवर फाटलेलं. मी ते उघडलं नाही, मला पाठ होतं. मग त्यानं विचारलं, "साहेबांनु, तो थंय कसो होतो?"

मी उठलो. त्यांच्या ओट्यावर उभा राहिलो, घसा खाकरला आणि तो माझी नक्कल कशी करायचा त्याची नक्कल केली. मला काही ती नीट जमली नाही. पण भाऊ हसला. त्याच्या घरातली सून बाहेर आली, पोरं आली, तीही हसायला लागली. भाऊ म्हणाला, तो घरात आमच्या बापाची नक्कल अशीच करायचा, आणि त्यानं ती करून दाखवली. बराच वेळ आम्ही हसत होतो. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

उशीर झाला तो झालाच. आईला ही नक्कल दाखवायची होती, ती राहिली.

म्हणून आज तुमच्यापुढं कार्टूनचा विषय घेतला. माझं म्हणणं एवढंच आहे. मुलं काय बघतात यावर लक्ष ठेवा, जरूर ठेवा. पण त्यांच्या शेजारी बसून ठेवा. ती कुठं हसतात आणि कुठं गप्प होतात ते बघा, आणि आपण कुठं उठून बाल्कनीत जातो तेही बघा. आणि तुमच्या घरात, पलटणीत, कारखान्यात हसवणारा कुणी होऊन गेला असेल, तर त्याच्याबद्दल सांगताना त्याचे विनोद गाळू नका. नुसता शूर होता म्हणाल, तर तो कुणाचाही असेल.

दहा मिनिटं जास्त घेतली. नातू दारातून घड्याळ दाखवतोय. आज आम्ही मालिकेचा शेवटचा भाग बघणार आहोत. त्याचा पाचव्यांदा, माझा पहिल्यांदा. कुठं रडायचं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

जय हिंद.